करंडकासाठी एकशे चौदा वर्षे

एडिंबरो हे नाव आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत रुळले ते डॉक्टरांच्या पाट्यांमुळे. जुन्या काळच्या एखाद्या शल्यविशारदाच्या नावापुढे ‘एफ. आर. सी. एस., एडिंबरो’ अशी अक्षरे दिसली की रोग्याचे निम्मे दुखणे जिना चढतानाच पळून जात असे. दुसरी ओळख सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांची; इंग्रजी शिकलेल्या आपल्या पहिल्या पिढ्यांनी त्या रात्री जागून वाचल्या. तिसरी ओळख आम्हां मराठीच्या मास्तरांपुरती आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणात आणि मुंबईत येऊन मराठी शिकलेल्या स्कॉटिश पाद्र्यांची ती ओळख. त्यांच्या मिशनची बरीच जुनी कागदपत्रे एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. ती चाळण्यासाठी २०२४ च्या सप्टेंबरात मी तिकडे गेलो आणि डिसेंबरात परत आलो. पाद्र्यांविषयी जे हाती लागले ते यथाकाल एखाद्या संशोधनपत्रिकेत छापून येईल आणि तिथे ते कोणी वाचणार नाही. पण त्या तीन महिन्यांत ग्रंथालयाबाहेर जे ऐकले, ते दिवाळी अंकाच्या वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

मी उतरलो होतो लीथमध्ये. लीथ म्हणजे एडिंबरोचे बंदर. पूर्वी ते स्वतंत्र गाव होते, स्वतःची नगरपालिका बाळगून असलेले. १९२० साली लीथकरांचा कौल विरुद्ध असतानाही ते एडिंबरोत विलीन करण्यात आले, आणि शंभर वर्षांनंतरही तो राग तिथल्या बोलण्यात डोकावतो. माझे घरमालक त्र्याऐंशी वर्षांचे, विधुर, जन्मापासून लीथ न सोडलेले. उमेदीची वर्षे त्यांनी तिथल्या जहाजबांधणीच्या कारखान्यात काढली. तो १९८४ मध्ये बंद पडला तेव्हा त्यांचे वय त्रेचाळीस होते. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला घराचे नियम सांगितले, गरम पाण्याचा नळ दाखवला आणि जरा घसा साफ करून विचारले, “तुम्ही फुटबॉल पाहता का?”

“आमच्याकडे क्रिकेटचं वेड,” मी म्हणालो.

“बरं आहे,” ते म्हणाले. “म्हणजे तुमच्या वडिलांनी तुमचं वाटोळं केलेलं नाही.”

त्यांचे वाटोळे त्यांच्या वडिलांनी केले होते, वडिलांचे आजोबांनी. तीन पिढ्यांची ही मिळकत म्हणजे हिबर्नियन फुटबॉल क्लब. लाडाचे नाव हिब्ज.

हिबर्निया हे आयर्लंडचे लॅटिन नाव. बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला तेव्हा देशोधडीला लागलेले आयरिश लोक एडिंबरोच्या काउगेट नावाच्या कोंदट वस्तीत येऊन राहिले. तिथल्या सेंट पॅट्रिक चर्चचे धर्मगुरू एडवर्ड हॅनन आणि त्यांच्या तरुण मंडळाने १८७५ साली हा संघ काढला. पोरे दारूच्या गुत्त्यापासून लांब राहावीत हा एक हेतू. ‘ही संघटना स्कॉटलंडच्या माणसांची आहे, आयरिशांची नव्हे’ अशा अर्थाचे उत्तर देऊन स्कॉटिश फुटबॉल संघटनेने त्यांना आरंभी दाराबाहेर ठेवले. बारा वर्षांनी, १८८७ मध्ये, त्याच पोरांनी त्याच संघटनेचा स्कॉटिश कप जिंकला. पण या क्लबाच्या नशिबात सुखाच्या ताटात खडा ठरलेलाच. ते यश पाहून ग्लासगोच्या आयरिश मंडळींनीही आपला क्लब काढला, सेल्टिक नावाचा, आणि हिब्जचे चांगले चांगले खेळाडू उचलून नेले. हिब्ज इतका खचला की मध्यंतरी बंदच पडला. १८९३ मध्ये तो नव्याने खेळू लागला तेव्हा खेळाडूंच्या धर्माची अट गेलेली होती, आणि लीथच्या सीमेवर ईस्टर रोडचे मैदान मिळाले होते. आज क्लबाच्या बिल्ल्यावर तीन चित्रे आहेत: आयर्लंडची वीणा, लीथचे जहाज आणि एडिंबरोचा किल्ला.

शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो भाऊबंद आणि वैरी, हार्ट्स. त्याचे पुरे नाव हार्ट ऑफ मिडलोथियन. हे नाव मूळचे एडिंबरोच्या जुन्या तुरुंगाचे. त्यावरून स्कॉटने १८१८ साली आपल्या कादंबरीला ते दिले, पुढे एका नाचघराने घेतले आणि नाचघरातून ते १८७४ मध्ये फुटबॉलच्या मैदानावर आले. कादंबरीचे नाव मिरवणारा क्लब पाहून माझ्यासारख्याचा ओढा साहजिकच तिकडे गेला असता. पण घरमालकांसमोर मी तो ओठांवर येऊ दिला नाही. भाड्याची खोली स्वस्त होती.

आता त्या करंडकाची गोष्ट. १९०२ साली हिब्जने स्कॉटिश कप दुसऱ्यांदा जिंकला. अंतिम सामना खरे तर ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर व्हायचा. पण तीनच आठवड्यांपूर्वी तिथली प्रेक्षकांची लाकडी गॅलरी कोसळून पंचवीस माणसे दगावली होती. म्हणून सामना सेल्टिकच्या मैदानावर हलवला, आणि प्रतिपक्षही सेल्टिकच. त्यांच्या अंगणात जाऊन हिब्जने १-० असा विजय मिळवला. गोल अँडी मॅकगीचनचा. लोक आनंदले, घरी आले, पुढच्या वर्षी हिब्जने लीगचे अजिंक्यपदही मिळवले. आता हा करंडक वरचेवर येत राहणार असेच सर्वांना वाटले असेल. तेव्हा राईट बंधूंचे विमान उडायचे होते आणि टिळकांना मंडालेला जायचे होते. तो करंडक लीथला पुन्हा आला २०१६ साली.

मधल्या एकशे चौदा वर्षांत क्लब कमकुवत राहिला असता तर दुःख करण्यासारखे काही नव्हते. दरिद्री माणूस राजवाड्याची स्वप्ने पाहत नाही. हिब्जचे दुखणे निराळे. तो दर वेळी दारापर्यंत जाई. १९१४, १९२३, १९२४, १९४७, १९५८, १९७२, १९७९, २००१, २०१२, २०१३: दहा वेळा अंतिम सामना, दहा वेळा हार. घरमालक ही साले न अडखळता म्हणून दाखवीत, लहानपणी आपण परवचा म्हणत असू तशी. यांतली पहिली तीन त्यांच्या आजोबांच्या वाट्याची. १९४७ मध्ये ऍबरडीनविरुद्ध पहिल्याच मिनिटाला हिब्जने गोल केला आणि सामना २-१ असा गमावला. तो वडिलांनी पाहिला. वडील संध्याकाळी परत आले, कोट खुंटीला लावला, मुकाट्याने जेवले आणि आईला म्हणाले, “पुढल्या वर्षी.” सहा वर्षांच्या मुलाला तेवढे आठवते. १९५८ पासूनची साले स्वतः घरमालकांची. त्या वर्षी ते सतरा वर्षांचे होते. क्लाइड नावाच्या संघाने १-० असे हरवले.

आणि हे सर्व कोणत्या काळात? हिब्जच्या सोन्याच्या काळाला लागूनच. १९४८, १९५१ आणि १९५२ अशी तीन वर्षे हा क्लब स्कॉटलंडचा अजिंक्य संघ होता. गॉर्डन स्मिथ, बॉबी जॉन्स्टन, लॉरी रायली, एडी टर्नबुल आणि विली ऑर्मंड या आघाडीच्या पाच खेळाडूंना ‘फेमस फाइव्ह’ म्हणत; पाचांपैकी प्रत्येकाने हिब्जसाठी शंभरावर गोल केले. रायली अखेरच्या मिनिटाला गोल करण्याबद्दल प्रसिद्ध. स्मिथने पुढे हार्ट्सकडून आणि मग डंडीकडून खेळतानाही लीगचे अजिंक्यपद मिळवले. म्हणजे ग्लासगोच्या दोन्ही धनाढ्य क्लबांत पाऊल न टाकता तीन निरनिराळ्या क्लबांसह तो अजिंक्य ठरला. घरमालकांच्या मते त्याची चाल पाहणे हेच एक शिक्षण होते. २ जानेवारी १९५० रोजी हार्ट्सविरुद्धच्या सामन्याला ईस्टर रोडवर ६५,८६० माणसे लोटली. हा त्या मैदानाचा उच्चांक. आज तिथे जेमतेम वीस हजार खुर्च्या आहेत. आठ-नऊ वर्षांचे आमचे घरमालक त्या गर्दीत होते. लहान मुलांना मोठी माणसे डोक्यावरून हातोहात पुढे सरकवीत आणि अगदी कठड्याशी नेऊन बसवीत. सामना संपल्यावर वडिलांना शोधायचे. “हरवायची भीती नव्हती,” ते म्हणाले. “सगळेच आपले.”

सोन्याच्या काळातही खडा होताच. १९५२-५३ च्या हंगामात हिब्ज आणि रेंजर्स या दोघांचे गुण सारखे झाले, ४३. तेव्हाचा नियम भागाकाराचा: केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचे. रेंजर्सचे गोल ८० आणि अंगावर ३९, भागाकार २.०५. हिब्जचे ९३ आणि ५१, भागाकार १.८२. अजिंक्यपद रेंजर्सला. पुढे भागाकार जाऊन वजाबाकी आली, ती आजही चालते. वजाबाकीने हिब्जचे ४२ होतात, रेंजर्सचे ४१! हा हिशेब घरमालकांनी मला पहिल्या आठवड्यातच टेबलावर बोटाने लिहून दाखवला. अधिक गोल करणाऱ्या संघाला शिक्षा आणि बचाव धरून बसणाऱ्याला बक्षीस, अशी त्यांची तक्रार. मला गणित फारसे कळत नाही, पण ती तक्रार मात्र पटली.

१९५५ मध्ये युरोपातल्या क्लबांची स्पर्धा प्रथमच सुरू झाली. इंग्लंडच्या लीगने आपल्या चेल्सीला जाऊ दिले नाही. हिब्ज गेला, त्या स्पर्धेत खेळलेला तो पहिला ब्रिटिश क्लब. जर्मनीत जाऊन एसेनच्या संघाला ४-० असे हरवले, उपांत्य फेरी गाठली आणि फ्रान्सच्या रॅंसकडून हार खाल्ली. यानंतरची काही वर्षे मी भराभर उलटतो. मधूनमधून सुख होते. स्वतः टर्नबुल व्यवस्थापक असताना १९७२ च्या डिसेंबरात सेल्टिकला हरवून लीग कप मिळाला. आणि १९७३ च्या नववर्षदिनी हार्ट्सच्या मैदानावर हार्ट्सचा ७-० असा फडशा पाडला. लीथमधल्या कोणत्याही वयाच्या माणसाला नुसते ‘सात’ म्हणा, त्याचा चेहरा खुलतो. पण त्याच १९७२ च्या मे महिन्यात सेल्टिकने स्कॉटिश कपाच्या अंतिम सामन्यात ६-१ असे लोळवले होते. १९७९ च्या अंतिम सामन्याने तर अंत पाहिला. रेंजर्सशी पहिला सामना ०-०, फेरसामना ०-०, तिसऱ्यांदा ज्यादा वेळ खेळून ३-२ अशी हार, आणि निर्णायक गोल हिब्जच्याच खेळाडूकडून आपल्या जाळ्यात गेलेला. घरमालक तिन्ही सामन्यांना हजर होते. “तीनदा भाडं खर्चून एकदा हरलो,” हे त्यांचे वाक्य.

इथे व्याकरणाच्या मास्तराला एक थांबा घेऊ द्यावा. नामापासून क्रियापद बनते त्याला आपण नामधातू म्हणतो. स्कॉटलंडच्या बोलीत या क्लबाच्या नावाचा नामधातू झालेला आहे. हातातोंडाशी आलेला घास आपल्याच धांदलीने मातीत पाडणे याला तिकडे ‘हिब्ज करणे’ म्हणतात. क्लबाच्या नावाचा असा उपयोग झालेला मला तरी दुसरा ठाऊक नाही. हार्ट्सचे पाठीराखे त्याचा सढळ वापर करतात. हिब्जचेही करतात, पण ते घरातल्या घरात. परक्याने केला तर प्रकरण हातघाईवर येते.

मी एकदा न राहवून विचारलेच, की इतका मनस्ताप तर क्लब बदलत का नाही? तासाभराच्या आगगाडीवर ग्लासगो आहे. सेल्टिक आणि रेंजर्स यांनी २०२५ पर्यंत प्रत्येकी ५५ वेळा लीग जिंकलेली आहे. १९८५ मध्ये ऍबरडीनने ती जिंकल्यापासून २०२५ पर्यंतच्या चाळीस वर्षांत त्या दोघांवाचून तिसऱ्याचे नाव करंडकावर कोरले गेले नाही. ज्यांच्या मैदानांत पन्नास-साठ हजार माणसे बसतात त्यांच्या तिजोरीशी वीस हजारवाल्याने काय टक्कर द्यावी? तयार झालेले पोर तर हमखास जाते. स्कॉट ब्राउन ईस्टर रोडवर घडला, २००७ मध्ये सेल्टिकने नेला आणि तो तिथला कप्तान झाला. जॉन मॅकगिन २०१८ मध्ये इंग्लंडला ॲस्टन व्हिलाकडे गेला. झाड आपण लावायचे आणि आंबे शेजाऱ्याने उतरवायचे, हे १८८८ पासून चालू आहे.

माझ्या प्रश्नावर घरमालक रागावले नाहीत. चहाचा पेला खाली ठेवून म्हणाले, “तुम्ही आडनाव बदलता का, शेजारच्यांचा बंगला मोठा आहे म्हणून?”

या उत्तरामागे नुसता हट्ट नाही, हे मला १९९० ची हकीकत ऐकल्यावर कळले. त्या साली क्लबाची मालकी असलेली कंपनी कर्जात बुडाली होती. हार्ट्सचे अध्यक्ष वॉलेस मर्सर यांनी हिब्जचे भाग विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला. एडिंबरोचे दोन अशक्त क्लब मिळून एक बलवान क्लब व्हावा, म्हणजे ग्लासगोशी झुंज देता येईल, असे त्यांचे म्हणणे. कागदावर ते बिनचूक होते. पण लीथला याचा अर्थ चांगलाच ठाऊक होता. १९२० सालीही असेच बिनचूक कारण देऊन त्यांची नगरपालिका मोठ्या शहरात मिळवली होती. त्यानंतर बंदराचा व्यापार ओसरला, मग कारखाना गेला. ‘हिब्जला हात लावू नका’ अशी चळवळ उभी राहिली. मैदानावर सभा झाली, मोर्चे निघाले, सह्या गोळा झाल्या. सहा वर्षांपूर्वी नोकरी गेलेले आमचे घरमालक दारोदार सह्यांचे कागद घेऊन हिंडले. जन्मात त्यांनी दुसऱ्या कोणत्या कारणासाठी असे केले नाही. कारखाना बंद होतानासुद्धा नाही, असे ते स्वतःच म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले. मर्सर यांना पुरेसे भाग मिळाले नाहीत. पुढल्या वर्षी लीथचेच सुपुत्र, मोटारीच्या टायरांच्या धंद्यात नाव काढलेले टॉम फार्मर यांनी क्लब सावरून धरला. त्यांना फुटबॉलची विशेष आवड नव्हती, हे गमतीचे. गावाचा क्लब बुडू नये एवढेच त्यांना वाटले. त्याच १९९१ च्या हंगामात हिब्जने लीग कप जिंकला.

वडील १९८८ मध्येच वारले होते. त्यांनी तो लीग कप पाहिला नाही, आणि स्कॉटिश कप तर नाहीच.

२०१२ च्या अंतिम सामन्यात समोर हार्ट्स आला. १८९६ नंतर प्रथमच या दोघांची गाठ तिथे पडत होती. शंभर वर्षांचे उट्टे एका दुपारी निघेल म्हणून घरमालक नऊ वर्षांच्या नातीला घेऊन गेले. हार्ट्सने ५-१ असे हरवले. या दुपारविषयी ते अधिक काही सांगत नाहीत. नातीने मला वेगळे सांगितले, की परतीच्या बसमध्ये आजोबांनी तिची क्षमा मागितली होती. २०१३ मध्ये पुन्हा अंतिम सामना, पुन्हा हार. २०१४ मध्ये वरच्या श्रेणीत टिकण्यासाठी हॅमिल्टनशी दोन सामने होते. पहिला त्यांच्या घरी २-० असा जिंकून हिब्ज आपल्या मैदानावर परतला, तिथे ०-२ असा हरला, दुसरा गोल अगदी अखेरच्या क्षणी खाल्ला, आणि पेनल्टींवर खालच्या श्रेणीत गेला. नामधातूचा यापेक्षा चांगला दाखला व्याकरणकाराला मिळायचा नाही.

तेव्हा २०१६ साली कोणाची काही अपेक्षा असण्याचे कारणच नव्हते. संघ दुसऱ्या श्रेणीत. मार्चमध्ये लीग कपाचा अंतिम सामना रॉस काउंटीकडून शेवटच्या मिनिटाला गमावला. मे महिन्यात वर चढण्याची संधी फॉलकर्कने, तीही ज्यादा मिनिटांत, हिरावून घेतली. नाही म्हणायला स्कॉटिश कपात एक चमत्कार घडलेला होता. फेब्रुवारीत हार्ट्सच्या मैदानावर ०-२ अशा पिछाडीवर असता शेवटच्या दहा-बारा मिनिटांत दोन गोल करून बरोबरी साधली, आणि फेरसामना १-० असा जिंकला. उपांत्य फेरी पेनल्टींवर निभावली. दुखापतीमुळे दीड वर्षाच्या आसपास न खेळलेला गोलरक्षक कॉनराड लोगन त्या दिवशी भिंतीसारखा उभा राहिला. अशा रीतीने २१ मे रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर हिब्ज आणि रेंजर्स समोरासमोर आले.

तिसऱ्याच मिनिटाला अँथनी स्टोक्सने हिब्जचा गोल केला. घरमालकांना १९४७ आठवले. सत्ताविसाव्या मिनिटाला रेंजर्सची बरोबरी. चौसष्टाव्या मिनिटाला अँडी हॅलिडेचा लांबून मारलेला फटका आणि रेंजर्स २-१ असा पुढे. घरमालक उठले. गुडघे दुखतात, गर्दी व्हायच्या आत जिना उतरू, असे त्यांनी नातीला सांगितले. ती तेरा वर्षांची होती. तिने त्यांची बाही धरली आणि म्हणाली, “आजोबा, पाच मिनिटं बसा.” ते बसले. ऐंशीव्या मिनिटाला लियाम हेंडरसनने कोपऱ्यातून मारलेल्या चेंडूवर स्टोक्सने डोके लावले; २-२. नव्वद मिनिटे भरली. वरच्या ज्यादा वेळातल्या दुसऱ्या मिनिटाला पुन्हा कोपरा, पुन्हा हेंडरसन, आणि कप्तान डेव्हिड ग्रे याने धावत येऊन डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. ३-२.

शिट्टी झाल्यावर हजारो माणसे कठडे ओलांडून मैदानात धावली. ते योग्य झाले नाही. धक्काबुक्की झाली, पुढे चौकशीही झाली, आणि करंडक देण्याचा समारंभ बराच वेळ लांबला. घरमालक जागेवर बसून राहिले. मग प्रोक्लेमर्स या लीथच्या आवडत्या गायक भावांचे ‘सनशाइन ऑन लीथ’ हे गाणे लागले आणि मैदानाच्या त्या अर्ध्या भागातली सगळी माणसे ते म्हणू लागली. बाजूचा एक अनोळखी गृहस्थ त्यांच्या खांद्यावर डोके ठेवून रडत होता, आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, की त्याचे वडील मागल्याच वर्षी गेले. दुसऱ्या दिवशी शहरातून लीथपर्यंत मिरवणूक निघाली. माणसे दीड लाखाच्या घरात होती म्हणतात. सोमवारी घरमालक एकटेच दफनभूमीत गेले. वडिलांना त्यांनी निकाल सांगितला. कोणत्या मिनिटाला कोणी गोल केला तेही सांगितले, कारण नुसता निकाल ऐकून त्यांचे समाधान होणारे नव्हते.

वाचक म्हणतील, इथे गोष्ट संपली. मलाही तसे वाटले होते. पण ज्याची वाट पाहिली ते आल्यावरही शनिवार येतच राहतात. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाला तेव्हा मैदानावर जरा चुकल्यासारखे वाटले, असे घरमालक म्हणाले. वैऱ्यांची एकशे चौदा वर्षांची थट्टा एका दुपारी संपली होती, आणि उलट उत्तर म्हणून साठवलेले शब्दही. हिब्ज २०१७ मध्ये वरच्या श्रेणीत परतला. २०२१ मध्ये तो स्कॉटिश कपाच्या अंतिम सामन्यात सेंट जॉन्स्टनकडून हरला आणि त्याच वर्षी डिसेंबरात लीग कपाच्या अंतिम सामन्यात सेल्टिककडून. घरमालकांच्या परवच्यात एका सालाची भर पडली आणि त्यांच्या जिवात जीव आला, असे म्हटले तर ते मला मारतील. पण माझा संशय तसा आहे.

मी तिथे होतो त्या काळात मोठाच पेच उभा राहिला होता. २०२४ च्या उन्हाळ्यात क्लबाने व्यवस्थापक नेमला तो डेव्हिड ग्रे. तोच, ज्याच्या डोक्यावरून एकशे चौदा वर्षे जाळ्यात गेली. आणि त्याचा संघ हरत सुटला. नोव्हेंबरअखेर हिब्ज कोष्टकात तळाला. एखादा परका असता तर त्याला केव्हाच वाट दाखवली असती. पण याला काढायचे कोणत्या तोंडाने? घरात दोन पक्ष पडले. एकवीस वर्षांची, नर्सिंग शिकणारी नात म्हणे, उपकार वेगळे आणि काम वेगळे. आजारी माणसाला वाचवणारा डॉक्टर चांगला स्वयंपाकी असतोच असे नाही. आजोबा म्हणत, ज्या माणसाने माझ्या वडिलांचे कर्ज फेडले त्याला मी मे महिन्यापर्यंत मुदत देणार. रविवारच्या जेवणाला हा वाद ठरलेला, आणि मला तिऱ्हाईत पंच म्हणून ओढले जाई. मी दोन्ही पक्ष बरोबर आहेत असे सांगून बटाट्यांकडे वळत असे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, एका गोठवणाऱ्या रात्री, त्या दोघांबरोबर मी ईस्टर रोडवर गेलो. समोर ऍबरडीन. मला फुटबॉल किती कळला ते विचारू नये. एवढे दिसले, की ज्या ग्रेच्या नावाने पूर्वी गाणी झाली त्याच्याच नावाने आमच्या मागच्या रांगेतला एक माणूस बोटे मोडत होता, आणि आमचे म्हातारबुवा दर वेळी मागे वळून त्याच्याकडे नुसते पाहत होते. वेळ संपत आली, हिब्ज एका गोलने मागे. नात आजोबांकडे पाहून म्हणाली, “झालं.” आणि अगदी अखेरच्या क्षणी बरोबरी झाली, ३-३. जिंकणे नव्हते ते, नुसती बरोबरी. पण मागच्या रांगेतल्या त्याच माणसाने पुढे वाकून म्हातारबुवांना मिठी मारली. माझी टोपी त्या गडबडीत गेली ती गेलीच.

तिथून चाक फिरले. डिसेंबरानंतर हिब्ज लीगमध्ये सामन्यामागून सामने न हरता वर चढत गेला आणि २०२५ च्या मे महिन्यात तिसरा आला; युरोपातल्या स्पर्धेचे दार पुन्हा उघडले. मी इकडून अभिनंदनाचे पत्र पाठवले. उत्तर नातीने लिहिले होते, आजोबांनी सांगून. तिसरा क्रमांक ठीक आहे. ग्रेबद्दल आपलेच खरे झाले हे तिने या पत्रात स्वतःच्या हाताने लिहावे, अशी अट घातली होती, म्हणून लिहीत आहे. स्कॉटिश कप मात्र ऍबरडीनने नेला, त्यालाही आता नऊ वर्षे झाली, हे लक्षात ठेवावे. पुढच्या हंगामाची दोन तिकिटे काढली आहेत. या खेपेस जिन्याजवळची, कारण गुडघे. आणि खाली तिने स्वतःचे एक वाक्य जोडले होते: ‘जिना जवळ असला तरी मी त्यांना लवकर उठू देणार नाही.’